कवठ्याचा पांढराशुभ्र संडास

कवठे येमाई,
शुक्रवार, दुपार

श्री. रखमाजी व्याहीबुवा, मु. यवत, यांस शंकररावाचा सप्रेम जय भीम.

आपण, विहीणबाई, सोजराताई (आपल्या भगिनींना माझा जय भीम मुद्दाम वेगळा सांगावा, कारण पुढे लिहिलेलं बरंचसं त्यांच्याच कृपेने घडलं आहे), आमची सून मोनाली आणि नात मैत्री, सगळे खुशाल असाल अशी खात्री आहे. आपला गुडघा कसा आहे? दुकानाच्या माळ्यावर स्वतः चढत जाऊ नका, वय झालं हे माणसाला गुडघ्याने सांगायची वेळ येऊ नये. इकडे आम्ही ठीक आहोत. म्हैस व्याली, पारडी झाली. फोन असताना पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. पण फोनवर आपण एकदा सुरू झालात की मला 'हां, हां' म्हणण्यापलीकडे जागा राहत नाही, आणि आजच्या विषयात कुणी मध्ये बोललेलं मला चालणार नाही. सुमित उद्या बायको-लेकीला भेटायला येतो आहे, त्याच्याच हाती हे पाकीट देतो.

विषय आमच्या संडासाचा आहे. नाक मुरडू नका, पत्र शेवटपर्यंत वाचा.

मैत्रीच्या नामकरणाला आम्ही यवतला आलो होतो, तो दिवस आपल्याला आठवत असेल. वंदना झाली, नाव ठेवलं, जेवणं झाली, आणि पान खाता खाता सोजराताईंनी भर मंडपात आमच्या घराचं वर्णन केलं. 'घर झकास हाय हो त्यांचं. पन संडासाची कडी लावली आन् भांड्याकडं नजर गेली, की आलेलीसुदिक परत जाती!' मंडप हसला. आपणही हसलात (मी पाहिलं). मी समजूतदार माणूस आहे, मीही हसलो. पण नंतर मोनाली मांडीवरच्या लेकीकडे बघत हळूच म्हणाली, 'आप्पा, बाळाला न्यायच्या आधी तेवढं बघा की,' आणि माझं हसू जागीच थिजलं. सून आमची कधी काही मागत नाही. तिने मागितलं ते एवढंच. म्हणजे भांडं पांढरं झाल्याशिवाय नात कवठ्याला येणार नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

त्यात माझी सगळी नोकरी रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात गेलेली. केसाएवढा ओरखडा दिसला की मी माल परत पाठवायचो, भले भले सुपरवायझर मला टरकून असायचे. आणि माझ्याच घरातला माल सोजराताईंनी रिजेक्ट करावा! दोष बोअरच्या पाण्याचा आहे. आमच्या पाण्यात इतके क्षार, की बादली वाळली तरी आत पांढरी बादली उरते. भांड्यावर पिवळा-तपकिरी थर, नळाखाली ओघळ, आणि भिंतीच्या कोपऱ्यांत काळी बुरशी.

निघताना टॉवेल-टोपीबरोबर आपण मला दुकानातला ॲसिडचा पाच लिटरचा कॅन दिलात. 'न्या पाव्हणं, दगडसुदिक पांढरा हुतोय!' आपल्या मनात काही वाईट नव्हतं हे मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे, आपण निश्चिंत असावं.

आता एक गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, कारण आम्ही ती सांगितलीच नव्हती. आमचा संडास गोबरगॅसला जोडलेला आहे. शेण आणि हे, दोन्ही एकाच खड्ड्यात जातं आणि त्याच गॅसवर आमचा स्वयंपाक होतो. (लग्नाच्या बोलणीला आलात तेव्हा आपण पुरणपोळ्यांची फार तारीफ केली होती. पाहुण्यांना ताटावर असल्या गोष्टी सांगत नाहीत. आता नात झाली आहे, आता सांगायला हरकत नाही.) गॅस तयार करतात ते खड्ड्यातले जिवंत जंतू. ते बिचारे दिलं ते खातात, पण ॲसिड पचवत नाहीत.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण अपमानाच्या भरात माणसाचं डोकं चालत नाही. कॅन मी उघडला हे खरं, ओतला मात्र सुमितने. तो सगळा सरळ भोकातून खाली गेला, डाग कडेला होते तिथेच राहिले, आणि सुमित खोकत बाहेर आला तो तासभर ओट्यावर बसून राहिला. दोन दिवसांत शेगडीची निळी ज्योत बारीक होत होत विझली. तव्यावर भाकरी अर्धी कच्ची. आमच्या मंडळींनी, म्हणजे आक्काबाईंनी, अंगणात तीन दगड मांडले, फुंकणी शोधून काढली आणि धुरात डोळे पुसत मला एवढंच म्हणाल्या, 'पाव्हन्यांचा आहेर लई भारी पडला.' मी आपल्या बाजूने बोललो, पण धुरापुढे कोणाचं चालत नाही.

शेवटी चुलतपुतण्या संघर्ष धावून आला. शेजारीच त्याचा गोबरगॅसचा प्लँट आहे. घरातलं विरजण संपलं की शेजारून वाटीभर दही आणतात, तशी मी त्याच्या खड्ड्यातली आठ-दहा बादल्या स्लरी, म्हणजे मुरलेला शेणकाला, आणून आमच्या खड्ड्यात कालवली, रोज ताजं शेण घातलं आणि शेगडीपाशी जाऊन कॉक फिरवून बघत राहिलो. गॅस परत आला तेव्हा मी शेगडीलाच जय भीम घातला. (संघर्ष फार मोठ्या मनाचा मुलगा आहे. सध्याही त्याने आपल्या घरचं एक दार आम्हाला चोवीस तास मोकळं ठेवलं आहे.) त्या दिवशी मी शपथ घेतली, की या भांड्यात असल्या जहाल ॲसिडचा थेंब पडणार नाही आणि भांडं पांढरंही होणार.

आधी चिंच लावून पाहिली. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळतात, मग हे का नाही? भांडं होतं त्याहून तपकिरी झालं. मग आंबट ताक. त्याने डाग गेले नाहीत, पण वस्तीतली सगळी मांजरं दाराशी येऊन बसली. मग मोनालीच्या फळीवर, डब्यांच्या मागे, मला व्हिनेगरची बाटली सापडली. चायनीज करून घालते म्हणून तिने हौसेने आणली होती आणि आम्ही करंट्यांनी तिला हात लावला नव्हता. मी ते व्हिनेगर आणि खायचा सोडा एकदम ओतला. काय फेस आला म्हणून सांगू! मी आक्काबाईंना हाक मारून दाखवला. फेस बसला, डाग होते तिथेच. दोघांनी एकमेकांचा जोर मारून टाकला होता, भांडणाऱ्या जावांसारखा.

तेव्हा माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. ही घाई आहे, हे काम नाही. क्षार भिजल्याशिवाय सुटत नाहीत. मी भांड्यातलं पाणी आत ढकललं, माझ्या जुन्या बनियनच्या चिंध्या व्हिनेगरमध्ये बुडवून डागांवर चिकटवल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी ब्रश मारला तर थराचे पापुद्रे सुटू लागले! मी रोज तेच केलं. व्हिनेगर संपलं म्हणून शिरूरला गेलो. दुकानदार म्हणाला, 'आप्पा, या वयात चायनीजची गाडी टाकताय व्हय?' मी त्याला खरं सांगितलं. आता तो गिऱ्हाइकांना माझं नाव सांगून व्हिनेगर विकतो, असं ऐकतो.

भिंतीवरची बुरशीही व्हिनेगर मारून, थांबून, घासून काढली, पण ती पुन्हा उगवली. मग वर पाहिलं तर खिडकीत खताचं पोतं कोंबलेलं. (कोणी कोंबलं याच्या खोलात आपण जाऊ नये. बाहेरून कोणी डोकावू नये असा त्यामागे उदात्त हेतू होता.) पोतं काढलं, जाळी बसवली, वारा-ऊन आत आलं, आणि बुरशीने आपला मुक्काम हलवला.

व्याहीबुवा, एक गोष्ट मनापासून लिहितो. मी गुडघ्यावर बसून घासत होतो तेव्हा आक्काबाई दारात येऊन म्हणाल्या, 'आबांनी बघितलं असतं तर काय म्हनलं असतं?' माझ्या आबांनी गावकीची कामं सोडली, आम्हाला शिकवलं, दुसऱ्याची घाण आपल्या माथी घ्यायची नाही, हे बजावलं. पण ही घाण दुसऱ्याची नव्हती. ज्या घरात माझी नात रांगणार, त्या घरचं भांडं मी माझ्या हाताने घासलं, दुसऱ्या कोणाला त्यासाठी हाक मारली नाही. आबांनी पाहिलं असतं तर पाठीवर थाप मारली असती. कारखान्यात मी लाखो नग पास केले, पण एवढा अभिमान मला एकाही नगाचा वाटला नाही.

आता भांडं असं झालं आहे, की दुपारी खिडकीतून ऊन पडलं तर डोळे दिपतात. लोक बघायला येतात. विहाराची अख्खी कमिटी येऊन गेली. चपला बाहेर काढून आत गेली.

लोभ आहे तसाच असू द्या, डाग तेवढे गेले असे समजा.

आपला,
शंकरराव

ता. क. सोजराताईंनी तपासणीला जरूर यावं. त्या नापास करूच शकणार नाहीत.

ता. क. दुसरा. खरं लिहायचं ते एवढंच आहे. बाळंतपण यवतला झालं, ते रीतीप्रमाणे झालं. सव्वा महिना होऊन गेला, नामकरण होऊन गेलं. आपलं घर नातीने भरलं आहे आणि आमच्या घरात म्हशीची पारडी तेवढी ओरडते. आता आमचं माणूस आम्हाला द्या. सुमितला गाडी करून पाठवतो आहे. पाकिटात एक लहान किल्ली आहे, ती मोनालीच्या हाती द्यावी. तिने शब्द टाकला होता, दार तिनेच उघडावं. आजवर मी ते दुसऱ्या कोणालाही उघडू दिलेलं नाही.

ता. क. तिसरा (आक्काबाईच्या हातचा). विहीणबाईस जय भीम. ह्यांनी संडास पांढरा केला त्या दिवसापासनं कुलूप घातलंय. बघायला उघडत्यात, बसायला न्हाई. आम्ही समदी संघर्षच्या घरी जातोय. त्याची बायको तोंडावर काय बोलत न्हाई, पन कालपासनं सकाळची आतनं कडी लावाय लागलीया. कुलपाला किल्ली एकच हाय आन् ती ह्यांनी तुमच्याकडं धाडलीया. मोनाली, बाळा, कापडं, पाळणा, समदं मागनं आलं तरी चालंल. तू उद्याच्या उद्या ये.