दादाला समुद्र दाखवला

१२ मे १९८६, सोम. मद्रास

सकाळी उतरलो. लॉज स्टेशनाजवळ. पातळ अंगाला चिकटून बसलंय, वाळायचं नाव नाही. आपल्याकडचं ऊन भाजतं, इथलं उकडून काढतं.

रामाकोन्याहून छोट्या गाडीनं नागपूर, तिथून इथं. एवढ्या प्रवासात दादा चार वाक्यं बोलला असेल. वहिनी जाऊन तीन महिने झाले. त्याचा मुलगा सुरेशच म्हणाला, "आत्या, बाबाले कुठंतरी फिरवून आणा, संत्र्याचा बगीचा मी पाहतो." शाळेला सुट्टी, मी एकटा जीव, निघाले. समुद्र दोघांनीही कधी पाहिला नव्हता.

१३ मे, मंगळ.

देऊळ, बाजार, अजबखाना. दादा दहा पावलं मागं. साड्यांच्या दुकानासमोर थबकला, मग चालू लागला. विचारलं नाही.

संध्याकाळी समुद्र. चपला हातात धरून तासभर उभा. मी शेंगदाणे आणले, ते तसेच पुडीत. परतताना म्हणाला, "उद्याही इथंच येऊ. बाकी काही नाही पाहायचं मले."

१४ मे, बुध.

उठले तर दादा खोलीत नाही. नऊ वाजले, दहा वाजले. लॉजवाल्याला ना हिंदी, ना मराठी. मी हातवारे करून राहिले, तो मान हलवून राहिला.

पोलीस ठाण्यात गेले. माझं इंग्रजी पाचवीच्या मुलींना शिकवण्यापुरतं. शिपायानं फोटो मागितला. नाही. ओळखायची खूण? मी सांगितलं, धोतर, पांढरी टोपी. त्यानं खिडकीतून रस्ता दाखवला. अर्धा रस्ता पांढऱ्या धोतरांचा. परत खोलीवर आले तर टोपी खुंटीला. बसून रडले.

दुपारनंतर कालच्या जागेपासून पुढं किनाऱ्यानं चालत गेले. पाय भाजले. कोळ्यांच्या झोपड्या लागल्या. ओंडके बांधून केलेल्या होड्या वाळूत ओढलेल्या. एका म्हाताऱ्याशेजारी दादा बसलेला, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. मला पाहून म्हणाला, "आली का? बस."

एवढंच. रागावता आलं नाही.

१५ मे, गुरु.

आज पुन्हा तिथंच. म्हाताऱ्याला सगळे अण्णा म्हणतात, दादाही म्हणतो. दोघांना एकमेकांचं अक्षर समजत नाही. अण्णाच्या बायकोनं भात वाढला. दादा मासळी बाजूला सारून जेवला, ती हसली.

मी म्हटलं, "उद्याची गाडी आहे, दादा."

"तू जाय. मी नाही येत."

"काऊन?"

बराच वेळ जाळं उलगडत राहिला. मग म्हणाला, "तिकडं जो भेटते तो इचारते, दवाखान्यात एक दिवस आधी काऊन नाही नेलं. संत्र्याची तोडणी चालू होती, म्हनलं उद्या नेतो. किती जनाले सांगू? इथं कोनी इचारून नाही राहिलं."

"लोकांचं काय मनावर घेतोस."

"तू बी इचारलं होतं, शांता. तिसऱ्या दिवशी. राख थंड व्हायची होती."

विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं.

माफी मागायची होती. तिथं, त्या बाईसमोर, जमलं नाही. की कुठंच जमलं नसतं…

१६ मे, शुक्र. गाडीत

दादा स्टेशनवर पोचवायला आला. माझी पेटी डोक्यावर घेऊन, मला हात लावू दिला नाही. आत जागेवर बसवलं, पाण्याची सुरई भरून आणली. वाटलं, सुटायच्या वेळी चढेल. त्याचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं, खिडकीतून पुढं केलं. घेतलं नाही.

"सुरेशले म्हनजो, झाडायच्या आळ्यात पाणी साचू नको देऊ."

"अन् तू कधी येशील?"

"पाहू."

गाडी हलली. उतरायला हवं होतं मी. पेटी, पिशवी, बायकांची गर्दी… नाही उतरले.

१८ मे, रवि. रामाकोना

सुरेश स्टेशनवर आला होता. माझ्यामागं डब्यात डोकावून पाहिलं, मग पुढच्या डब्यात. सुनेनं दोघांचा स्वयंपाक केलेला.

सांगितलं सगळं. तोडणीचं सांगितलं. मी काय विचारलं होतं, तेही. सुरेश खाली मान घालून ऐकत होता. म्हणाला, "मी बी इचारलं होतं, आत्या."

मग वही आणली. "पत्ता सांगा. उद्या निघतो."

काय सांगू? समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत जायचं, झोपड्या लागतात. जागेचं नाव मी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कोणत्या भाषेत.

मी सोबत चालले आहे. वस्ती सापडेल बहुतेक. दादासमोर उभं राहिल्यावर आधी कोणी बोलायचं, हे आम्हां दोघांनाही अजून…