उजव्या हाताची हर्ली

१२ मार्च २०२३, रविवार

पट्ट्या सुटल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट — दोन्ही नाहीत. हे जानेवारीपासून माहीत होतं, पण पट्टीच्या आत दिसत नव्हतं तोवर माहीत असून नसल्यासारखं. आता दिसतं. उजवा हात. पेन धरता येतं — पेनला तीनच बोटं लागतात. अक्षर वाईट आलंय, पण आधीही काही मोत्याचे दाणे नव्हते.

फिन्टनने — नवऱ्याने — हाताकडे पाहिलं नाही. ‘चहा घेणार?’ म्हणाला. गाईंना लस टोचत होतो त्या दिवशी, गाय अडकवायच्या खोड्याच्या फाटकापाशी तोच होता. गाय बिथरली, फाटक आपटलं, माझा हात मध्ये. त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही. गाईंवर बोलतो.

१५ मार्च, बुधवार

ब्रीडा आली. सफरचंदाचा केक घेऊन. आमच्या कॅमोगी संघाची — काठी-चेंडूचा बायकांचा खेळ — प्रशिक्षक ती, लग्नात माझी करवली होती. बसायच्या आधीच सांगून मोकळी झाली — ‘डिम्फना, गोलमध्ये तुझ्या जागी ओर्लाला उभी करतेय. तू बाकावर माझ्या शेजारी बस. तुझी नजर हवीच गं आम्हाला!’

मी म्हटलं, बरं.

केक चांगला होता.

१९ मार्च, रविवार

खेळायची जुनी काठी, हर्ली, काढली. गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारून पाहिला. वर धरायला बोटं नाहीत आणि खाली पातं जड — काठी मुठीत गरकन फिरते. तिसऱ्या फटक्याला उडून शेणात पडली. गाईंनी पाहिलं. आणखी कुणी नाही.

२४ मार्च, शुक्रवार

हर्ल्यांच्या एका मोठ्या दुकानाला कळवलं होतं — अमुक हात आहे, तमुक बोटं नाहीत, मूठ वेगळी करून मिळेल का? आज उत्तर. ‘प्रिय ग्राहक, तुमचं समाधान हेच आमचं ध्येय. कृपया खालीलपैकी लांबी निवडा.’ खाली पाच लांब्या. बोटांच्या संख्येला रकाना नव्हता!

२९ मार्च, बुधवार

दूध न्यायला टँकर येतो त्याचा ड्रायव्हर म्हणाला, ‘स्कॅरिफच्या पलीकडे मॅलकी कॉनहीडी आहे, त्याच्याकडे जा. एकटाच हर्ल्या करतो. वेळ लावतो. बोलायला लागला की चिडायला होतं. पण जा.’

१ एप्रिल, शनिवार

गेले. फाटकावर पाटी — ‘कुत्रा भुंकेल. मी भुंकत नाही.’ कुत्रा भुंकला.

मॅलकी सत्तरीचा असेल. अंगभर भुसा. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ म्हणाला, ‘हात दाखव.’ दाखवला. लोक बघतात तसा नाही बघितला — घोड्याचा खूर बघावा तसा. उलटा, सुलटा. ‘गाय बिथरली, फाटकात सापडला,’ मी सांगितलं. बोटं होती तिथे अंगठ्याने दाबलं. मी कळवळले.

‘दुखतंय? छान. कुठे दुखतं ते कळलं. काय हवं तुला?’

‘मूठ बारीक करा. कमी बोटांत मावेल अशी.’

‘बारीक?’

‘हो. बारीक.’

माझ्या हाताकडे परत एकदा पाहिलं. मग म्हणाला, ‘बरं, तू म्हणतेस तर.’

२२ एप्रिल, शनिवार

हर्ली आणली. देखणी आहे. अ‍ॅशच्या लाकडाच्या रेघा पात्यापाशी वळून अगदी नदीसारख्या आल्यात. मूठ बारीक.

संध्याकाळी मैदानावर गेले, कुणी नसताना. ओर्ला होती! एकोणीस वर्षांची पोर, एकटीच भिंतीवर सराव करत. ‘मारू का तुझ्यावर दोन-चार?’ म्हणाली. मार म्हटलं. पहिला चेंडू हर्लीवर घेतला आणि हर्ली चेंडूबरोबर गोलमध्ये गेली. दुसऱ्यालाही तेच. ती मग हळू मारायला लागली. ते जास्त लागलं.

‘ओर्ला, म्हातारीला भरवतेस का काय?’ — म्हटलं, आणि घरी आले.

२४ एप्रिल, सोमवार

मॅलकीला फोन केला. तक्रार करायची म्हणून वाक्यं जुळवून ठेवली होती. मी ‘निसटते—’ एवढंच म्हणाले.

‘निसटणारच. मला ते माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘मग केलीत कशाला?’

‘तू सांगितलंस म्हणून. गिऱ्हाईक म्हणतं ते करून दिलं की आपण सुटतो. परवा तसा सुटलो मी. चुकलंच माझं. ये परत. आणि त्या दिवशी फाटकापाशी कोण होतं?’

‘नवरा.’

‘त्याला घेऊन ये.’

‘त्याचं काय काम?’

‘लाकूड मोडतं तेव्हा कुठून दाब आला ते मी विचारतो. हाताचंही विचारायला नको?’

२९ एप्रिल, शनिवार

फिन्टन आला. का आला, देव जाणे. गाडीत मी हवामानाच्या बातम्या लावल्या.

कार्यशाळेत आधीच एक जण बसलेला — क्लेअर जिल्ह्याच्या संघातून खेळतो, चेहरा वर्तमानपत्रात बघितलेला. घाईत होता. ‘मॅलकी, माझं पाच मिनिटांचं काम आहे.’ मॅलकी म्हणाला, ‘मग तुला बसायला काय हरकत आहे? पाच मिनिटांच्या कामाला दम धरता येतो.’ तो बसला.

मग मॅलकी फिन्टनकडे वळला. अगदी सहज — इंजिन कधीपासून आवाज करतंय विचारावं तसा.

‘कसं झालं ते?’

फिन्टन भिंतीवरच्या रंध्यांकडे बघत होता. मला वाटलं, आता हा बाहेर जाणार.

‘कडी मी सोडली,’ तो म्हणाला. ‘तिने हात काढलाय असं वाटलं मला. बघितलं नाही. सोडली.’

तीन महिन्यांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. तेही त्याने मला सांगितलं नाही. परक्या माणसाला सांगितलं.

मॅलकी ‘अरेरे’ म्हणाला नाही. ‘चालायचंच’ही नाही. म्हणाला, ‘म्हणजे फाटक बाहेरून आत आलं. तळवा या कडेने चेपला. मग ती इथे जोर देणारच नाही — बोटं असती तरी दिला नसता. तिथे लाकूड भरायला पाहिजे, काढायला नाही.’ आणि पेन्सिलीने माझ्या तळव्यावर रेघ मारली. फिन्टनला म्हणाला, ‘हं. असा तिचा मनगटाशी हात धर तू, हलू देऊ नको.’

फिन्टनने धरला. हात गार होता त्याचा. मॅलकीने मऊ मेणाचा गोळा माझ्या मुठीत दिला, म्हणाला, ‘दाब. चिडून दाब.’ दाबला.

जिल्ह्याचा खेळाडू जमिनीकडे बघत बसला होता.

येताना गाडीत बातम्या लावल्या नाहीत.

३० एप्रिल

रात्री तळव्यावरची पेन्सिलची रेघ धुतली.

१३ मे, शनिवार

मॅलकी स्वतः आला! सांगून नाही. ब्रीडा सराव घेत होती, मी बाकावर. कुंपणापाशी भुसा भरलेला कोट दिसला. दोन हर्ल्या काखेत.

‘घरी का नाही आणून दिलीत?’ मी विचारलं.

‘घरी चेंडू कोण मारणार तुला?’

मूठ जाड, अंडाकृती. टोकाला एका बाजूने फुगीर टाच ठेवलेली, तळव्याच्या कडेला टेकते. मेणात उमटलेली माझीच मूठ. पात्याचं वजन थोडं काढून वर आणलेलं. हातात घेतली — फिरली नाही. मनगट वळवलं तरी नाही.

‘दुसरी कशाला?’

‘पहिली बरी वाटली तरी दुसरी धरून बघ. माणसाला एकच दिली की तो “छान आहे” म्हणतो. दोन दिल्या की खरं बोलतो.’

दुसरी बरी होती. खरं बोलले.

ब्रीडा आमच्याकडे बघत होती. मी विचारलं नाही, गोलमध्ये जाऊन उभी राहिले. ओर्ला बाजूला झाली. पोरींनी मारायला सुरुवात केली. सहा-सात अडवले, तीन गेले. एक पोटात लागला. मॅलकी मध्येच मैदानात घुसला, माझ्या हातातून हर्ली घेतली, खिशातून पटाशी काढून टाचेवरचा जरासा कंगोरा उडवला आणि परत दिली. ब्रीडा ओरडली, ‘अहो काका, सराव चाललाय!’ — ‘माझाही,’ तो म्हणाला.

पैसे विचारले. म्हणाला, ‘सामना खेळ. मग बघू.’

१७ जून, शनिवार

सराव. रोज संध्याकाळी, घरच्या भिंतीवर, धारा काढून झाल्या की. हात सुजतो. बर्फ लावते. फिन्टन गोठ्यातून बघतो असं वाटतं. विचारलं नाही.

८ जुलै, शनिवार

ब्रीडा स्पष्ट बोलली एकदाची. ‘डिम्फना, तू जिद्दीने खेळतेस म्हणून मी तुला घेणार नाही. ओर्लापेक्षा चांगली खेळलीस तर घेईन.’

हे चाललं मला. केकपेक्षा बरं.

परवा मॅलकीचाही फोन. ‘कशी आहे?’ मी म्हटलं, सूज आहे. ‘तुझं नाही विचारलं. हर्लीचं विचारलं.’ मग थोडं थांबून, ‘सूज कुठे?’ सांगितलं. दुसऱ्या दिवशी ये म्हणाला. टाच केसभर तासली. सूज कमी.

२७ ऑगस्ट, रविवार

साखळीतला शेवटचा सामना. ब्रीडाने यादी वाचली — गोल, डिम्फना. ओर्लाने माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात मारली. हळू नाही. बरं वाटलं.

जिंकलो. एक गोल खाल्ला, तो कुणीही खाल्ला असता.

फिन्टन आला नाही. गाय व्यायला झाली होती. खरंच झाली होती — वासरू आहे.

१० सप्टेंबर, रविवार

उपांत्य सामना. जिंकलो. फिन्टन आला होता! कुंपणाच्या पार टोकाला, टोपी खाली ओढून, जसा काही तिकीट न काढता घुसलाय.

घरी येताना म्हणाला, ‘तिसरा चेंडू उजवीकडून घेतलास.’

‘हो.’

‘त्याच हाताने.’

‘हो.’

मग रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. माझा उजवा हात घेऊन बघितला. मॅलकीने बघितला होता तसाच — उलटा, सुलटा. ‘दुखतो?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘थंडीत.’ मागून ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला, मग निघालो.

२४ सप्टेंबर, रविवार

अंतिम सामना. हरलो, एका गुणाने. माझ्या मागे एकही गोल गेला नाही. चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तरी एक गुण मिळतो; त्यांचे सगळे तसेच गेले, तिथे कोणाचाच हात पोचत नाही. मध्ये एक पेनल्टी अडवली — पात्याच्या कडेवर लागून चेंडू बाहेर. लोक बराच वेळ ओरडत होते. मला फक्त टाच तळव्यात रुतलेली जाणवली.

पोरी रडल्या. ब्रीडा रडली. मी बुटांचा चिखल खरवडत बसले.

२५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी, धारांच्या वेळेला फोन. मॅलकी.

‘हरलात म्हणे.’

‘हो.’

‘हर्लीचा दोष होता?’

‘नाही.’

‘नक्की? नीट आठव. असेल तर दुसरी करून देतो.’

‘नाही हो. हर्ली नीट होती.’

‘मग ठीक,’ तो म्हणाला. ‘आता बिल पाठवतो.’

८ ऑक्टोबर, रविवार

ब्रीडाला फोन करून सांगितलं — पुढच्या हंगामात मी नाही. ओर्लाला उभी कर. हाताचं काही नाही, हात उत्तम आहे.

फिन्टन दारात उभा राहून ऐकत होता. ‘मग एवढा खटाटोप कशासाठी केलास?’

‘सोडायला आधी हातात असावं लागतं,’ मी म्हटलं.