शेवटच्या बाकावरच्या दोघी

सातवीत असताना शिवणाच्या तासाला मी आणि मुंगी एकाच रुमालाच्या दोन बाजूंना टाके घालत होतो. सिस्टरनी रुमाल उचलून विचारलं, "हा कोणाचा?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं आणि एका सुरात म्हटलं, "हिचा!" सिस्टरनी दोघींना मिळून दहापैकी सात गुण दिले. ते निम्मे कसे करायचे यावर आम्ही घरी पोचेपर्यंत भांडलो.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत. करत नसतील. पण पुढचं सगळं त्या एका मैत्रिणीमुळे लिहावं लागतंय, म्हणून आधी ती.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, अविवाहित, विमा कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त, हे लिहिते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे आणि हा कागद करायला मला कोणीही भरीला घातलेलं नाही. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. मी राहते तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या पुतण्याला द्यावं. तो फ्लॅट विकणार हे मला ठाऊक आहे. विकू दे. येणाऱ्यांना एवढं सांगावं की न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो.

२. माझं शिवणयंत्र थोरल्या वहिनींकडे अकरा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" गेलं, ते त्यांनाच द्यावं. ते मी तीनदा मागितलं होतं, हे मात्र इथे नोंदवून ठेवते.

३. आता खरं कलम.

कान तपासून त्याचा आलेख काढणारा एक संगणक प्रोग्राम आहे. जगभरातल्या अनोळखी माणसांनी मिळून, मोबदला न घेता तो लिहिला आहे. कोणीही वापरावा, कोणीही दुरुस्त करावा, फक्त प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव आणि वेळ नोंदली जाते. त्यात तीनशे बारा बदल "शेवटचा बाक" या नावाने आहेत. हे टोपणनाव शाळेतल्या आमच्या जागेवरून मुंगीने सुचवलं. खरी नावं घालायची सोय नव्हती. आम्ही दोघी एकाच कचेरीत, आणि कर्मचाऱ्याने घरी बसून लिहिलेली ओळसुद्धा कंपनीच्या मालकीची, असं आमच्या नेमणूकपत्रात छापलं होतं.

हे सगळं सुरू झालं ते मुंगीच्या लेकीमुळे. चिऊला लहानपणी एका कानाने कमी ऐकू यायचं. दवाखान्याने तपासून यंत्र दिलं आणि तिने ते तीन महिने चांगल्या कानाला लावलं, कारण कागदावर डावा-उजवा आलेख अदलाबदल होऊन छापला गेला होता. मुंगीने तो प्रोग्राम शोधून काढला, उघडला आणि चूक सापडेपर्यंत हलली नाही. तिथून पुढे चौदा वर्षं, शनिवारी दुपारी, तिच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी. चिऊ आत झोपलेली.

मुंगीची एक रीत होती. ती दुरुस्तीला हातच लावायची नाही, आधी ती चूक नेमकी पकडणारी छोटीशी चाचणी लिहायची. मी उलटी.

"अगं, आधी पकड तरी तिला. नाहीतर पुन्हा निसटेल."

"तुझं आपलं सगळं मुंगीच्या पावलांनी."

"आणि तुझं? शनिवारी धाडदिशी दुरुस्त आणि सोमवारी पुन्हा बिघडलेलं! मग निस्तरायला कोण? मुंगीच."

नऊ वर्षांपूर्वी मुंगी गेली. त्यानंतर तीन वर्षांनी हा प्रकल्प एका संस्थेकडे सोपवायचं ठरलं. प्रकल्प सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, पडद्यावर त्यांची दाढीच तेवढी दिसते, म्हणून आम्ही त्यांना दाढीवाले म्हणायचो. त्यांनी कळवलं की टोपणनावामागे खरं माणूस कोण ते सही करून सांगा, नाहीतर तुमचं सगळं लिखाण काढून पुन्हा लिहावं लागेल. अर्जावर नावासाठी एकच चौकोन होता. मी तोवर निवृत्त झाले होते, त्यात माझं नाव लिहिलं.

दुसरं नाव घालायचं तर चिऊची वारस म्हणून सही लागली असती, कचेरीने मुंगीची जुनी कागदपत्रं उकरली असती, एवढ्यात मुदत संपली असती. शिवाय मुंगी एकदा म्हणाली होतीच, "माझं नाव कुठे घालू नकोस हं. बाक पुरे." ही सगळी कारणं खरी आहेत. तरी चौकोनात नाव लिहिताना मला बरं वाटलं होतं, तेही खरं आहे.

मग सत्कार झाला. मानचिन्ह मिळालं. चिऊ पहिल्या रांगेत होती. ती आता स्वतः मुलांचे कान तपासते, त्याच प्रोग्रामवर. कार्यक्रम संपल्यावर तिने मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, माझ्या कानासाठी तू एवढं केलंस आणि आईला पत्ताही लागू दिला नाहीस?"

मी म्हटलं, "अगं, त्यात काय!"

एवढंच म्हटलं. त्याला साडेपाच वर्षं झाली. दर वाढदिवसाला ती माझ्या पाया पडते.

४. निळ्या वहीत मी तीनशे बारा बदल तपासून वेगळे केले आहेत. जिथे चाचणी दुरुस्तीच्या आधी नोंदली गेली आहे, तो बदल मुंगीचा. असे एकशे सत्याऐंशी निघाले. चौऱ्याण्णव माझे. एकतीस कोणाचे ते मला कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नाही, ते मुंगीचेच धरावेत. माझ्या नावावर नोंदलेला या सर्व लिखाणाचा हक्क, माझ्या चौऱ्याण्णवसकट, चिऊला द्यावा.

५. मानचिन्ह कोणालाही देऊ नये. पितळ आहे, मोडीत जाईल.

६. हे वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "ताई, मग आत्ताच सांगून टाका ना तिला."

"धीर होत नाही हो."

"म्हणजे तुम्ही गेल्यावर ती रडत असताना मी हे वाचून दाखवायचं? आणि तिने भांडायचं कोणाशी, फोटोशी?"

मी त्यांना विचारलं, की हे एक कलम आजपासून लागू करता येईल का. त्या म्हणाल्या, मृत्युपत्रातलं काहीच जिवंतपणी लागू होत नाही. म्हणून निळी वही आणि एक पत्र पाकिटात घालून मी त्यांच्या पिशवीत ठेवलं आहे. इथून निघाल्यावर त्या ते चिऊच्या दवाखान्यात तिच्या हातात देतील.

पत्र दाढीवाल्यांच्या नावे आहे, सही केलेलं, न पाठवलेलं. त्यात सगळं लिहिलं आहे. पाठवायचं की नाही हे चिऊने ठरवावं. आईला खरोखरच लपून राहायचं होतं की फक्त नोकरीची भीती होती, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. लेकीला कदाचित माहीत असेल. आईचं नाव घालावं, बाक तसाच ठेवावा किंवा माझं नाव खोडून टाकावं, यातलं ती जे करील ते मला मान्य आहे. ती चिडून भांडायला आली तर मी घरी आहे.

सही: (माझ्या कागदोपत्री नावाने)

साक्षीदार:
१. समोरच्या दारातील दंतवैद्य
२. तळमजल्यावरील निवृत्त मुख्याध्यापिका
(दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही.)

ठिकाण: माझं राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा