दोन ओढ्यांचे बारा मासे आणि सहावी बायको

ताई,

बोटीतून पहिली उतरली ती छत्री. मग छत्रीखालची बाई, तिच्यामागून एक उंच, वल्ह्यासारखा सरळ माणूस आणि सगळ्यात शेवटी आमचे जावई नाझिल्दू, दोघांच्या पेट्या डोक्यावर घेऊन. तोंड असं, की जणू बिशपलाच आणलंय. मी पायरीवर बसून कसावा किसत होते. (थांब, आशीर्वाद मागायचा राहिलाच. दे आधी. तुझा गुडघा कसा आहे? मगरीची चरबी चोळतेस की नुसती उशाशी ठेवतेस? आम्ही सगळे बरे आहोत. कोंबड्याही बऱ्या आहेत. अक्षराला हसू नकोस, नन बाईंनी दुसरीपर्यंतच शिकवलं हे तुला माहीत आहे.)

तर ही बाई मानाउस शहरातून आलेली, नाव लेओकादिया, माशांवर शिकलेली. माणूस तिचा मदतनीस, एवान्द्रू. चार दिवस बोटीतून आले, आणि कशासाठी म्हणशील? आपल्या छोट्या अकारांसाठी! बोटाएवढा मासा, चुलीवर टाकला तर वाससुद्धा येणार नाही. मी विचारलं, "बाई, मोठे मासे संपले का हो तिकडचे?" ती हसली. म्हणाली, "आजी, तुमच्या काळ्या ओढ्यातला आणि पलीकडच्या वाळूच्या ओढ्यातला, हे दोन वेगळे मासे आहेत असं मला वाटतं. तेच बघायचंय." ताई, साठ वर्षं मी या दोन्ही ओढ्यांत धुणं धुतलं, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की कसावा तसाच राहिला.

दोन दिवस त्यांनी जाळी घेऊन मासे धरले. पांढऱ्यात रंग नीट दिसतो म्हणून माझी दोन पांढरी तसराळी मागून घेतली. एकात काळ्या ओढ्यातले तीन नवरे आणि तीन बायका, दुसऱ्यात वाळूच्या ओढ्यातले तेवढेच. नवरे ओळखायला सोपे. काळ्या ओढ्यातल्यांच्या शेपटीला तांबडी कड, दुसऱ्यांना नाही. बायका मात्र सगळ्या सारख्याच, मातकट, वैतागलेल्या. (आपल्यासारख्याच म्हण.) तिसऱ्या दिवशी दोघं आणखी वर गेली. जाताना बाई म्हणाली, "आजी, हे बारा सांभाळा. कुठला कुठून आणला यावरच सगळं काम उभं आहे." मी म्हटलं, "नातवंडांसारखे सांभाळीन."

आणि सांभाळले गं! पण तो होता शनिवार, आणि शनिवारी मी रसासाठी बाकाबा ताडाची जांभळी फळं कोळते. ती कोळायची कशात? पांढऱ्या तसराळ्यात. हात आपोआप गेला. एकातले मासे उचलून दुसऱ्यात ओतले. आपल्याकडे छोटे अकारा असेच सगळे एका टबात टाकतात ना, जन्मभर तेच केलेलं. कोपरापर्यंत हात जांभळे झाल्यावर आठवलं. ताई, तशीच उठून माशांकडे धावले. बाईचं काम, चार दिवसांची बोट, आणि माझा शब्द!

नवरे शेपटीवरून वेगळे केले. पण बायका? मग मनात आलं, आपल्याला कळत नाही, माशाला तर कळत असेल! लाकडी वाडग्यात एक नवरा, एक वाळलं पान, आणि डावाने एकेक बायको आत सोडली. परकी असली की नवरा ढुंकून बघत नाही. आपली असली की पंख पसरतो, वाकडा होतो, थरथरतो. नाचतोच म्हण ना! मी फळीवर कोळशाने रेघा मारत बसले. शेजारची झेनाइदे डोकावून म्हणाली, "दोमिंगास, म्हातारपणी माशांची लग्नं लावायला लागलीस?"

म्हटलं, "माणसांची लावून बघितली. नाचणारा एक निघाला नाही."

पाच बायकांची जागा ठरली. सहावीपुढे मात्र दोन्हीकडचे नवरे नाचेनात. उलट चावायला धावले, आणि ती त्यांना चावली! मी टाळीच वाजवली. आमचे हे (देव त्यांना शांती देवो) सांगायचे, की काही बारके नवरे मार चुकवायला बायकोचा रंग घेऊन फिरतात. म्हणजे ही सहावी बायको नव्हेच! एवढी शिकलेली बाई फसली आणि मी ओळखलं!

संध्याकाळी ती दोघं आली, तेव्हा सहा आणि सहा मासे आपापल्या तसराळ्यात होते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? पण पोटात राहीना. म्हटलं, "बाई, यातली एक बायको नवरा आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

आता कसं कळलं ते सांगायचं म्हणजे बाकाबापासून सांगायला हवं. सांगितलं. बाई पांढरीफटक पडली. एवान्द्रूने टोपी काढली, कोणी गेल्यावर काढतात तशी. मग बाई म्हणाली, "आजी, माशाच्या साक्षीवर ओढ्याचं नाव लिहिता येत नाही," आणि वहीतलं पान फाडलं. मला रडू आलं. पण ती उकिडवी बसली आणि म्हणाली, "तो वाडगा आणा बघू." नाच बघताना तिचे डोळे ताटलीएवढे झाले. सहावीला भिंगातून न्याहाळत म्हणाली, "असू शकेल." आणि लिहून घेतलं, माझ्या नावासकट! पुन्हा येऊन नव्याने धरणार म्हणाली, आणि बायकांची निवड मी करायची, ती बघत बसणार. हे बारा माझ्याकडेच ठेवून गेली.

तुझी धाकटी,
दोमिंगास

ता. क. आज सकाळी सहावी हळदीसारखी पिवळी झाली. पानाखाली अंडी आहेत. नवरा नव्हता गं, रागावलेली बाई होती.

ता. ता. क. तू नेहमी म्हणतेस, तुझ्या ओढ्यात बायकोचा वेष घेतलेले नवरे पुष्कळ आहेत. एक चांगला बघून बरणीत पान घालून बोटवाल्याबरोबर पाठव. बाईला खरं सांगणारच आहे मी. पण हाती एक खरा असला, की खरं सांगायला सोपं जातं. आणि लवकर पाठव. बाई आपल्या गुरुजींना घेऊन नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसानंतरच्या पहिल्या शनिवारी, दुपारच्या बोटीने येते म्हणाली आहे.