पावलांची मोटर

गाझियाबाद,
२४ ऑगस्ट, रविवार

चि. वृंदा,
आशीर्वाद. गौरीला तू येणार का, हे आज विचारायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

तर आधी आली ती अक्षता. तुझी लेक खाली रिक्षावाल्याशी भांडत राहिलेली. दार उघडलं तर अनोळखी मुलगी, हातात हे एवढं खोकं. मी म्हटलं, पाण्याचा फिल्टर नको गं, आहे आमच्याकडे. ती म्हणते, "आजी, मी फिल्टरवाली नाही, अपूर्वाच्या कॉलेजातली." मग काय, थालीपीठ लावलं. खाणारी पोरगी आहे, मला आवडली. अपूर्वा आपली कोपरा मोडून बसते.

खोक्यातून निघाली छोटी गाडी. वर पिठाची चाळणी, खाली पावलांचा छाप. अपूर्वा म्हणाली, हिच्यात स्टेप मोटर आहे. मी म्हटलं बरोबर, गौरीची पावलं काढणार म्हणून स्टेप. दोघी अशा हसल्या की अक्षताला ठसका लागला. नाव आधीपासूनचंच आहे म्हणे. असेल. मला माझंच पटतं.

पावलं उमटवायला माझी मूठ आता वळत नाही, हे अपूर्वाला तूच सांगितलंस ना? गेल्या वर्षी गौरी लिफ्टमधून तशाच आणल्या, पावलांशिवाय.

गाडी लिफ्टपाशी ठेवली. उंबरठ्यावरून आत आण, म्हटलं, तर अपूर्वा विचारते, "उंबरठा मतलब?" दहलीज गं बाई. आधी भर्रकन सोडली. जागच्या जागी गुरगुरली, मग एक चाक फिरलं, दुसरं नाही, आणि पावलं निघाली शेजारच्या विजयालक्ष्मीच्या दाराकडे. ती दारात उभीच होती. म्हणाली, "आने दो अम्माजी, हम रख लेंगे."

अपूर्वा म्हणाली, "यार आजी, हिला विजेचा एकेक ठोका द्यावा लागतो. एका ठोक्याला जरासंच सरकते. फार भराभर दिले की झेपत नाही, काही हुकतात."

"मग हुकले म्हणून सांगत का नाही?"

"सांगायची सोयच नाही तिच्यात. आपण ठोके मोजायचे आणि धरून चालायचं की पोचली."

अक्षताने लॅपटॉपवर आकडे बदलले. आधी सावकाश, मग वेग वाढवायचा, तोही हद्दीतच, थांबतानाही हळूहळू. आणि ठोका जरा टिकायला हवा, निसटता दिला तर तिला कळतच नाही म्हणे. मग काय सरळ आली गं. उंबरठ्यावरून, बाबांच्या खुर्चीजवळून, थेट देवापर्यंत. मी टाळ्या वाजवल्या.

पण ते ‘धरून चालायचं’ मनात राहिलं. बाबा गेले त्या दिवशी मी तुला फोनवर फोन लावले, लवकर ये, लवकर ये. तू गुरुग्रामच्या रस्त्यात अडकलेली, पोचलीस तोवर सगळं संपलं होतं. तेव्हापासून मला खालच्या गेटवर सोडतेस, वर येत नाहीस. तुझ्या घरी नेऊन माझे लाड करतेस, पण वर येत नाहीस.

त्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला. वृंदाने आणलेल्या कपात दे, म्हणाले. मग जे झोपले ते झोपलेच. दाराकडे डोळे लावून ते पडलेच नव्हते, बाळा. हे तुला ठाऊक आहे असंच मी आजवर धरून चालले. कोणी सांगितलंच नसेल तर आता सांगते.

अपूर्वा वायरी गुंडाळतेय, तिच्या हाती हे पत्र देते. गाडी इथेच राहू दे म्हटलंय. पीठ मी चाळून ठेवीन. तो कप फडताळात पुढेच आहे.

दोघी रविवारी परत येतो म्हणाल्यात, गौरी आणायला.

घाई नसलेली,
तुझी आई