गॅरेजमधली काडतुसं

अल्बनी, ऑकलंड
२३ नोव्हेंबर २००८

प्रिय लीला,

तुझा व्हिसा आल्याचं तुझ्या जावयाने, मकरंदने सांगितलं आणि मी लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातच एक गिरकी मारली. सुरुची नुसती बघत राहिली. आजी, यू आर सो फनी, म्हणाली आणि गेली टीव्हीपुढे. तिला मराठी सगळं कळतं बरं का, पण उत्तर म्हणून एक शब्द मराठीत देईल तर शपथ. तू आलीस की तूच बघ तिच्याकडे, मी हात टेकले. मी डिसेंबरअखेर निघते, तू जानेवारीत येतेस, म्हणजे माझी पाळी संपली की तुझी सुरू. येताना मेतकूट आण, पण मध मुळीच आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. चपलांचे तळ घासून ये. त्यांना आपली माती चालत नाही. आणि लोकरीचं काहीतरी आणच. इथला उन्हाळा म्हणजे आपल्या साताऱ्याची थंडी.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण पुढचं जे आहे ते फोनवर सांगितलं तर तू फोन आपटशील, मी ओळखते ना तुला. कागद आपटला तरी नंतर उचलून वाचशील. तू येणार म्हणून तुझी राजश्री तिची एक गोष्ट कायमची सोडायला निघाली आहे, आणि ती तिने सोडू नये असं मला मनापासून वाटतं. तुला ती आवडणार नाही. आता नीट बसून वाच. तुझी लेक पिस्तुलाने नेमबाजी करते. सहा वर्षं झाली.

वाचलंस? पाणी पी थोडं. मलाही जूनमध्ये इथे आल्यावरच कळलं. शनिवारी तुझा फोन यायचा आणि मकरंद सांगायचा की राजश्री मॉलमध्ये गेलीय. मला वाटायचं, ही मुलगी दर शनिवारी एवढं काय आणते मॉलमधून? मग एकदा ती कानावर ते मोठे हेडफोनसारखे काहीतरी अडकवून गाडीत बसलेली दिसली, तेव्हा मी मकरंदला धरलं. इथे हा रीतसर खेळ आहे, लीला. क्लब आहे, पोलिसांचा परवाना आहे, घरी येऊन तपासणी होते, पिस्तूल जमिनीला ठोकलेल्या लोखंडी पेटीत असतं. मकरंदचीसुद्धा चौकशी झाली होती, नवरा म्हणून माणूस बरा आहे की नाही म्हणून. ती आपण लग्नाआधी करायला हवी होती, असं मी त्याला म्हणाले.

मला आधी काय वाटलं ते सांगते. मला राग आला. तुझ्यासाठीच आला. चंद्रशेखरभावजी गेले त्याच्या पुढच्या दिवाळीला मकरंद टिकल्यांचं पिस्तूल उडवत तुमच्या अंगणात आला होता, आणि तू ते त्याच्या हातातून ओढून घेऊन थेट विहिरीत टाकलंस. आठवतं? मी तेव्हा तुला काही बोलले नाही, पण पोराला चार दिवस समजावत बसले होते. त्यानंतर तुझ्या घरात बंदुकीचं चित्रसुद्धा कधी आलं नाही. आणि तुझीच मुलगी, फौजदाराची मुलगी, इकडे येऊन हे करते! आईला काय वाटेल याचा जरा तरी विचार केला का हिने, असं मनात आलं. पहिले दोन आठवडे मी त्या गॅरेजकडे फिरकलेही नाही.

पण मला गप्प बसवत नाही, तुला माहीत आहे. एका रविवारी चहा द्यायचं निमित्त करून गेले आणि स्टुलावर बसून राहिले ती जेवणाची वेळ झाली तरी उठले नाही. लीला, ही मुलगी काडतुसं स्वतः बनवते. दुकानात तयार मिळतात, तरी बनवते. क्लबमधून रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणते, त्या धुते, घासते, उजेडाकडे धरून एकेक बघते, कुठे चीर तर नाही ना. मग एका दांडक्याच्या यंत्रात बसवून एकेक पुंगळी पुन्हा मापात आणते, खाली ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवते, आत बंदुकीची दारू घालते आणि वर गोळी दाबून बसवते. दारू किती, तर चिमटीतल्या हळदीएवढी, आणि तीही छोट्या तराजूवर मोजून. तुला माहीतच आहे, ती त्या लॅबमध्ये दातांच्या कॅप बनवते. तेच हात, तीच मान वाकवून बसण्याची पद्धत. रेडिओ लावत नाही, फोन घेत नाही. सुरुचीलाही माहीत आहे, आई बाकावर बसली की बोलायचं नाही. बाकावर बसलेल्या राजश्रीला बघताना मला तुझी आठवण आली. तू लोकरीची वीण घालताना अशीच बसायचीस आणि मी बडबडत राहायचे.

तिने मला समजावूनही सांगितलं. तिच्या प्रकारच्या स्पर्धेत जोरकस काडतूस लागतं. सामन्याच्या दिवशी पंच प्रत्येकाच्या पिशवीतली काही काडतुसं काढून घेतात, यंत्रासमोर झाडून वेग मोजतात, आणि जोर कमी निघाला तर गुण कापतात. म्हणून कमी चालत नाही. पण जास्त झाला तर पिस्तुलावर ताण, हातावर ताण, आणि फारच चुकलं तर भलतंच. शिवाय हे आपोआप भरणारं पिस्तूल. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे जातो आणि पुढची गोळी चढते. धक्का नेमका नसेल तर मध्येच अडकतं. म्हणजे दारू, गोळी, आतली स्प्रिंग, सगळ्यांचं एकमेकांशी जमावं लागतं. अख्खा हिवाळा ती यातच होती. थोडी बनवायची, शनिवारी झाडून बघायची, परत यायची, केसभर बदल करायचा. मी म्हटलं, बाई गं, एवढ्या वेळात चार पोरी उजवल्या असत्या.

आता माझा पराक्रम ऐक. ऑगस्टमध्ये तिचं सगळं जमून आलं होतं. दारूचे दोन डबे बाकावर होते, दोन्ही अर्धेअर्धे. ती सुरुचीला पोहायच्या क्लासहून आणायला गेली. मी केर काढायला आत गेले, आणि मला ते दोन अर्धे डबे बघवेनात. तूही तेच केलं असतंस, नाही म्हणू नकोस. तूरडाळीचे दोन अर्धे डबे असले तर आपण काय करतो? एकात एक ओतलं, झाकण घट्ट लावलं, आणि रिकामा डबा धुऊन अंगणात उन्हात पालथा घातला. वर राजश्री आल्यावर तिला कौतुकाने सांगितलंही.

तिने डबा हातात घेतला, झाकण काढलं, थोडी दारू पांढऱ्या कागदावर ओतून बघितली. मग मलाही दिसलं. काही कण चपटे होते, काही गोल. दोन निराळ्या जातीची दारू होती ती, एक सावकाश जळणारी आणि एक भसकन. मिसळलेली भरली असती तर पिस्तूल तिच्या हातात फुटलं असतं. मी तिथेच स्टुलावर बसले. आणि तुझी लेक काय म्हणाली, माहीत आहे? आई, चूक माझी आहे. बाकावर एका वेळी एकच डबा ठेवायचा असा नियम आहे, तो मी मोडला. तुम्ही फक्त आवरलंत. एवढं म्हणून ती तो डबा घेऊन बाहेर गेली आणि सगळी दारू लिंबाच्या झाडाभोवती पातळ पसरून आली. तिचं खत होतं म्हणे. लिंबू आता छान तरारलंय, आलीस की बघशीलच. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मला कळलं की नुकसान नुसत्या डब्याचं नव्हतं. नवीन डबा आणला तरी त्यातली दारू तंतोतंत तशीच वागेल असं नसतं, त्यामुळे हिवाळाभर जमवलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, तयार काडतुसं विकत घे ना यावेळी, मी देते पैसे. तेव्हा तिने हात पुसले. आणि मला म्हणाली, आई, दुसऱ्याने बनवलेल्या काडतुसावर माझा विश्वास बसत नाही. बाबांचं फुटलं नव्हतं.

तिला माहीत आहे, लीला. तू तिला जीपच्या अपघाताचं सांगितलंस, आम्हा सगळ्यांना तेच सांगायला लावलंस, आणि तेवीस वर्षं आपण सगळे तेच धरून चाललो. पण त्या संध्याकाळी हवालदार ओसरीवर रडत तुला सांगत होता की साहेबांनी घोडा ओढला, पण काडतूस फुटलंच नाही, गोळी सुटलीच नाही, समोरच्याची मात्र सुटली. तेव्हा ही अकरा वर्षांची पोर दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं. तू अपघात म्हणालीस तेव्हा तिने मान हलवली, कारण तुला तसं हवं होतं. आजवर एका शब्दाने तुला कळू दिलं नाही. मी तिची सासू आहे म्हणून सांगत नाही, पण एवढ्याशा वयात एवढं पोटात ठेवणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. मी तिला पोटाशी धरून रडले. ती रडली नाही. म्हणाली, चहा करूया का?

आणि मग ती पुन्हा बाकावर बसली. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. एका शनिवारी मी हट्टाने तिच्याबरोबर क्लबवर गेले. साडी आणि चपला बघून तिथले ग्रॅहम नावाचे म्हातारबुवा किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाले आणि चपलांकडे बोट दाखवून, नो जँडल्स, मॅम. मग त्यांच्या बायकोने मला स्वतःचे गमबूट दिले. नऊवारी नव्हती म्हणून वाचले, नाहीतर काय ध्यान दिसलं असतं! सगळ्यांचं सॉसेज-पाव चाललं होतं, मला त्यांनी पावात नुसता परतलेला कांदा घालून दिला, बरा लागला. मग राजश्रीची पाळी आली. ती पळते, थांबते, झाडते, पुन्हा पळते, आणि समोरच्या लोखंडी पट्ट्या धडाधड आडव्या होतात. मी पहिल्या आवाजाला डोळे मिटले, नंतर मिटावेसे वाटले नाहीत. तिचा चेहरा इतका शांत होता, आपल्याकडे बायका देवापुढे रांगोळी घालताना असतो तसा. त्यानंतर ती वेग मोजायच्या यंत्रापाशी गेली, आणि ग्रॅहमनी आकडा बघून तिच्या पाठीवर थाप मारली. स्वीट ॲज, म्हणाले. म्हणजे जमलं. माझ्या हातून वाया गेलेलं सगळं तिने पुन्हा उभं केलं होतं. ईस्टरला मोठी स्पर्धा आहे, त्यातून इथल्या बायकांचा संघ निवडणार आहेत, आणि ग्रॅहम मला सांगत होते की तुमची सून नक्की त्यात असणार. अभिमान वाटला गं मला. उगाच कशाला लपवू.

आणि पंधरा दिवसांत तुझा व्हिसा आला. त्याच आठवड्यात तिने क्लबच्या फळ्यावर पिस्तूल, यंत्र, तराजू सगळं विकायला असल्याची चिठ्ठी लावली. घेणारा जानेवारीच्या सुरुवातीला येतोय, तू उतरायच्या आधी. आईच्या डोळ्यांसमोर मी हे करू शकत नाही आणि तिच्यापासून लपवून त्याच घरात तर मुळीच नाही, असं म्हणते. मकरंद म्हणतो, तिचं तिला ठरवू दे. मी त्याला म्हटलं, ठरवलंय कुठे तिने, घाबरलीय ती. पिस्तुलाला न घाबरणारी बाई तुला घाबरते, लीला!

मी हे पत्र तिला न सांगता लिहिते आहे. तू तिला परवानगी दे असं मी म्हणत नाही, चौतिशीची बाई आहे ती, परवानगीची गरज नाही. तुला जे वाटतं ते वाटतच राहील, त्याला माझ्याकडे औषध नाही. पण हे पत्र मिळालं की शनिवारची वाट न बघता तिला फोन कर. ओरडलीस तरी चालेल, रडलीस तरी चालेल. फक्त एक प्रश्न विचार. इतक्या वर्षांत तुझं एखादं काडतूस फुटलं नाही असं कधी झालं का गं, एवढंच. ती नाही म्हणेल. एकदाही नाही. तिचं एकसुद्धा काडतूस आजवर फसलेलं नाही, आणि बाबांचं फसलं होतं हे आपण ऐकलंय, एवढं तिला अकरा वर्षांची असल्यापासून कुणाला तरी सांगायचं आहे. मला सांगून झालं, पण तिला सांगायचं होतं ते मला नव्हे.

तुझीच,
वसू