शिळी हवा

९ मे
सुशी जाऊन दीड महिना होत आला. ती गेली त्याच खोलीत झोपतो. दहाव्यापर्यंत तिथे दिवा ठेवला होता. वाऱ्याने विझू नये म्हणून खिडक्या लावल्या, फटींना कागद चिकटवले. रामकुंडावर दहावा झाला, दिवा उचलला, खिडक्या तशाच राहिल्या. उघडवत नाहीत. तिच्या निलगिरी तेलाचा वास अजून आहे आत. रात्री ए. सी. लावतो, दार ओढून घेतो.

११ मे
ए. सी. धुवायला सिन्नरचा माणूस आला होता. जाताना म्हणाला, "काका, खिडकी उघडत जा थोडी. ह्याच्यात बाहेरची हवा येतच नाय. आतलीच घेतो, गार करतो, परत आतच सोडतो."
"मग बाहेर तो एवढा डबा कशाला?"
"त्यो नुसती गरमी बाहेर टाकतो."
सु. रोज सकाळी खिडक्या सताड उघडायची. शिळी हवा जाऊ दे म्हणायची. गारवा जातो म्हणून मी कुरकुरायचो.
तो गेल्यावर बराच वेळ खोलीत बसलो. म्हणजे बाहेर काहीच गेलेलं नाही. तिचा शेवटचा श्वास इथेच फिरतो आहे. वेडेपणा आहे, कळतं. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१६ मे
डोकं जड. उठवत नाही सकाळी. शेजारच्या वहिनींनी पोहे दिले, तसेच पडलेत. फोनवर मंजू, "बाबा, आवाज असा का येतोय?" लेकीपासून काही लपत नाही. पुण्याहून येते म्हणाली. नको म्हटलं, पण ऐकत नाही.

२० मे
मं. आली. खोलीत पाऊल टाकताच ओढणी नाकाला. "किती कोंडलंय बाबा." हात सरळ खिडकीकडे. मी ओरडलो. असा तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. ती रडली, मग मीही. कारण सांगून टाकलं. तिने कपाळाला बाम चोळून दिला. हात अगदी आईसारखा आहे तिचा.

२१ मे
मं.ने छोटं यंत्र आणलंय, खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. काल उशाशी ठेवलं होतं. सकाळी आकडा लाल. कॉटवर बसून हळू म्हणाली, "बाबा, ही आईची हवा नाही हो. ती तर दार उघडता-मिटता केव्हाच गेली. हा रात्रभर तुम्हीच सोडलेला श्वास. तुमचाच तुम्ही परत घेताय. डोकं जड होणार नाही तर काय."
सु. आज पुन्हा गेली. जेवलो नाही.

२३ मे
मं.ने मधला मार्ग काढला. खिडकीला हात लावायचा नाही. भिंतीत भोक पाडून छोटा पंखा बसवायचा, तो बाहेरची हवा गाळून आत आणेल. आतली दाराखालच्या फटीतून जाईल. हो म्हटलं. माझ्या काळजीने पोरीचं तोंड सुकलंय.

२४ मे
भिंत फोडली. सिमेंटची धूळ सगळीकडे. पंखा बसला, वायर जोडली. स्विच मी दाबीन म्हणालो. माणूस गेला, मं. चहा टाकायला गेली. पंखा बंदच होता, तरी त्या भोकातून वहिनींच्या फोडणीचा वास आत आला. लसूण करपला होता. सु. असती तर हातातलं काम थांबवून म्हणाली असती, जाळला परत लसूण.
वाट पाहिली. कोणीच काही म्हणालं नाही.
मग मीच म्हणालो, मोठ्याने. आतून मं., "काय म्हणालात बाबा?" काही नाही म्हटलं.
चहा झाला. स्विच अजून दाबलेला नाही. मं. विचारत नाही.